द्रौपदीबाई गाड्या थांबवतात

रूपाली चार वर्षांची असताना नागपूरहून कार्डिफला आली आणि अठराव्या वर्षी कार्डिफहून लंडनला गेली. त्यामुळं तिचं माहेर म्हणजे वेल्स. हॅरोमधल्या मराठी बायकांना हे काही केल्या पटत नसे. "हो गं, पण मूळचे कुठले?" असं त्या पुन्हा विचारत. रूपालीही मग हसून, "मूळचे कार्डिफचेच," असं सांगून विषय संपवायची.

२००६ च्या ऑक्टोबरात ती चार दिवसांसाठी माहेरी निघाली त्याला दोन कारणं होती. वडिलांना, भगवान मेश्रामांना, जाऊन वर्ष होत होतं आणि रविवारी घरी बुद्धवंदना ठेवली होती. आणि वंदना आटोपली की सोमवारच्या ट्रेननं आईला कायमचं लंडनला घेऊन यायचं होतं. रूपालीच्या नवऱ्यानं, सुहासनं, घरातली खालची खोली रिकामी करून तिथं शॉवर बसवून घेतला होता. शॉवरमध्ये धरायला दांडीसुद्धा लावली होती. आईला हे सगळं फोनवर तीनदा सांगून झालं होतं. तिन्ही वेळा आई म्हणाली होती, "बघू."

मराठी आई 'बघू' म्हणते तेव्हा त्याचा अर्थ काय, हे रूपालीला कळायला हवं होतं. पण बारा वर्षं ऑडिटच्या नोकरीत काढलेल्या बाईला 'बघू' म्हणजे 'तपासून कळवते' असं वाटलं असेल. तिनं दोन मोठ्या रिकाम्या सुटकेस बरोबर घेतल्या.

गुरुवारी दुपारी ती कार्डिफला उतरली. स्टेशनवरची घोषणा आधी वेल्शमध्ये झाली, मग इंग्लिशमध्ये. बाहेर बारीक पाऊस होता आणि तो कुणीही मनावर घेतलेला नव्हता. ग्रेंजटाऊनच्या बसमध्ये रिकाम्या सुटकेस इकडून तिकडं घरंगळत होत्या. उतरताना तिच्या मागच्या म्हाताऱ्यानं ड्रायव्हरचे आभार मानत 'चिअर्स, ड्राइव्ह' म्हटलं, तेव्हा तिला आठवलं की इथं उतरताना असं म्हणायचं असतं. आपण न म्हणताच उतरलो. म्हणायला परत चढणं तर शक्य नव्हतं.

घराचं दार एका अनोळखी मुलीनं उघडलं. सत्तावीस-अठ्ठावीसची, केस ओले, अंगात आईचं मरून कार्डिगन.

"तुम्ही रूपालीताई ना? मी ऋजुता. या ना, आत या. मावशी शाळेवर गेल्यात."

माहेरच्या दारात आपल्याला कुणी 'आत या' म्हणावं हे रूपालीला चमत्कारिक वाटलं. तिनं सुटकेस पॅसेजमध्ये उभ्या केल्या आणि जिना चढून आपल्या खोलीचं दार ढकललं. पलंगावर दुसऱ्याच कुणाची तरी चादर होती. टेबलावर औषधशास्त्राची जाडजूड पुस्तकं, रेडिएटरवर मोजे वाळत घातलेले. भिंतीवरचं तिचं शाळेतलं हॉकीचं प्रमाणपत्र मात्र जागच्या जागी होतं.

"हा माझा खोली आहे," ती खाली येऊन म्हणाली. रागात तिचं मराठी आणखीच घसरायचं.

ऋजुता ओशाळली. "माहीतेय. मी आज सोफ्यावर झोपेन. मावशींनी तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

मावशींनी सांगितलं नव्हतं. मग ऋजुतानंच सांगितलं, अगदी रुग्णाची हकिगत सांगावी तसं, थोडक्यात. ती पुण्याची, डॉक्टर. जानेवारीत इथली परीक्षा द्यायला आली आणि पास झाली. मार्चमध्ये नियम बदलला. बाहेरून आलेल्या डॉक्टरांना आता वर्क परमिट हवं, आणि युरोपातलं कुणी त्या जागेला मिळत नाही असं हॉस्पिटलनं दाखवल्याशिवाय ते मिळणार नाही. दोनशे अकरा अर्ज केले. जूनमध्ये भाड्याची खोली सोडावी लागली. त्या सुमारास ती दिवसभर लायब्ररीत बसायची आणि दुपारी शाळेसमोरच्या बाकावर बसून पाव खायची. एकदा पिशवी फाटून सगळे कागद ओल्या फुटपाथवर पडले, तेव्हा तिच्या तोंडून "आई गं!" निघालं. रस्त्याच्या मधोमध काठी घेऊन उभ्या असलेल्या बाईनं तिथूनच ओरडून विचारलं, "मराठी आहेस काय व?"

"त्या दिवसापासून इथंच आहे," ऋजुता म्हणाली. "भाडं घ्या म्हटलं तर घेत नाहीत."

रूपालीनं घड्याळ पाहिलं. तीन वाजून गेले होते. घरात बसून राहण्यापेक्षा शाळेकडं गेलेलं बरं, असा विचार करून ती निघाली.

तिची आई, द्रौपदीबाई, शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून द्यायचं काम तेरा वर्षं करत होती. इथं अशा बाईला लॉलीपॉप लेडी म्हणतात, कारण तिच्या हातातली काठी थेट लॉलीपॉपसारखी दिसते. रूपालीला हे अर्थातच माहीत होतं. पण ती लंडनला गेल्यावर दोन वर्षांनी आईनं हे काम धरलं, आणि रूपाली यायची ती शनिवार-रविवारी किंवा ख्रिसमसला, शाळा बंद असताना. तेरा वर्षांत तिनं आईला काम करताना एकदाही पाहिलेलं नव्हतं. त्यात कुणाचा दोष नव्हता. तसे दिवसच जुळून आले नव्हते.

कोपऱ्यावरून वळल्यावर तिनं आईला पाहिलं. पायघोळ पिवळा कोट, त्यावर चकाकणारे पट्टे, डोक्यावर टोपी, आणि उंची जेमतेम पाच फूट. काठी तिच्यापेक्षा हातभर उंच. काठीच्या चकतीवर इंग्लिशमध्ये 'थांबा' आणि खाली 'मुलं' हा शब्द दोन्ही भाषांत. आई फुटपाथच्या कडेला उभी होती. मुलं जमली. तिनं उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं आणि कुणाचीही परवानगी न घेता रस्त्यात चालत गेली. एक बस थांबली. तिच्यामागं एक लॉरी, लॉरीमागं चारपाच गाड्या. आई मधोमध उभी राहून काठी रोवून त्या सगळ्यांकडं बघत राहिली, आणि मुलं तिच्या पाठीमागून पलीकडं गेली.

"चला, पोट्टेहो, चला चला," ती म्हणत होती. त्यांना 'पोट्टे' शब्द कळत होता असं दिसलं. एका बारक्या मुलीनं जाताजाता "थँक्यू, मिसेस एम" म्हटलं.

घरी असताना आई दारावरच्या पोस्टमनशी बोलायलाही बाबांना पुढं करायची. रूपालीच्या आठवणीतली आई ती होती. ही बाई दुसरीच कुणी वाटत होती. रूपाली रस्त्याच्या या बाजूला उभी राहून बघत राहिली. गर्दी पांगल्यावर आईचं तिच्याकडं लक्ष गेलं.

"अगं, आली पण? थांब तिथंच," आई म्हणाली. मग पुन्हा काठी उचलून तिनं एक टॅक्सी थांबवली आणि तेहतीस वर्षांच्या मुलीला रस्ता ओलांडून दिला.

रात्री जेवताना रूपालीनं पॅकिंगचा विषय काढला. आईनं तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि विचारलं, "पूर्वीचे दात पडले का पुढचे?" पूर्वी ही रूपालीची पाच वर्षांची मुलगी. तिचे दात अजून पडले नव्हते. दातांवर बोलण्यात जेवण संपलं.

नंतर दोघी आईच्या पलंगावर आडव्या झाल्या. ऋजुतानं फार आग्रह केला तरी आईनं तिला सोफ्यावर झोपू दिलं नव्हतं. अंधारात रूपालीनं विचारलं, "बाबांना आवडलं होता का, तुझा हा काम?"

"आवडली होती का म्हणत नाहीस ते नशीब," आई हसली. "नाही. पहिल्यांदा लय चिडले. म्हणाले, माझ्या आईनं जन्मभर रस्त्यावर खडी फोडली, म्हणून मी शिकलो, लॅबमध्ये लागलो, दर्या ओलांडून आलो. आणि तू आता परत रस्त्यावर जाऊन उभी राहणार?"

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, त्या खडी फोडायच्या तेव्हा गाड्या त्यांच्या अंगावर धूळ उडवून जायच्या. माझ्यासाठी थांबतात." आई कुशीवर वळली. "आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी माझे बूट पॉलिश करून ठेवले होते. झोप आता."

शुक्रवारी सकाळी तिघी बरोबरच निघाल्या. ऋजुताला लायब्ररीत जायचं होतं आणि रूपालीला घरात एकटं बसायचं नव्हतं. नऊला दहा कमी असतील. आई रस्त्यात उभी, काठी रोवलेली, पंधराएक मुलं अर्ध्या वाटेत. एक गाडी थांबली होती. तिच्यामागच्या पांढऱ्या व्हॅनला ती गाडी का थांबली ते दिसलं नसावं. व्हॅन बाजूनं पुढं आली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, पण उशिरा. आरशाचा फटका काठीला बसला, काठी आईच्या हातातून उडाली आणि आई गर्रकन फिरून हातावर पडली.

पुढचं सगळं एखाद्या मिनिटात झालं. ऋजुता पुस्तकं टाकून धावली आणि आईजवळ गुडघ्यावर बसली. रूपाली फुटपाथवर होती तिथंच उभी राहिली. आपण काहीतरी करायला हवं हे तिला कळत होतं, पण काय ते सुचत नव्हतं. समोरून येणाऱ्या गाड्यांना झालेलं दिसलंच नव्हतं, त्या हळूहळू पुढं सरकत होत्या, आणि मुलं रस्त्याच्या मधोमध, कुणी रडत, कुणी नुसतीच उभी.

"रूपा!" आई जमिनीवरून ओरडली. "पोट्टे मध्ये आहेत! काठी धर!"

रूपालीनं काठी उचलली. ती वाटली होती त्यापेक्षा जड होती. ती आईच्या पुढं जाऊन रस्त्यात उभी राहिली आणि चकती समोरच्या गाड्यांकडं केली. पहिल्या गाडीतली बाई तिच्याकडं बघत होती. दुसऱ्यानं हॉर्न वाजवला. रूपाली हलली नाही. पाठीमागून मुलांच्या पावलांचा आवाज आला आणि मग थांबला. शाळेतून दोन शिक्षिका धावत आल्या. व्हॅनचा ड्रायव्हर, पंचविशीतला पोरगा, पांढराफटक पडून "सॉरी लव्ह, सॉरी लव्ह" म्हणत आईभोवती फिरत होता.

"मनगट मोडलंय," ऋजुता म्हणाली. स्वतःच्या स्कार्फची झोळी करून तिनं आईचा हात छातीशी बांधून टाकला होता. बोटं दाबून रंग बघत होती, आईला विचारत होती, मुंग्या येतात का, डोकं आपटलं का. अँब्युलन्सवाल्यांना तिनं सगळं दोन वाक्यांत सांगितलं. त्यातल्या एकानं विचारलं, "तू कुठल्या हॉस्पिटलला असतेस?"

"कुठल्याच नाही," ऋजुता म्हणाली.

हॉस्पिटलमध्ये पाच तास गेले. सहा आठवड्यांचं प्लास्टर मिळालं. मधल्या वेळात रूपालीनं बाहेर जाऊन सुहासला फोन केला आणि म्हणाली की आता प्रश्नच मिटला, प्लास्टरमधला हात घेऊन आई एकटी राहूच शकत नाही. आपल्या आवाजात थोडं समाधान आहे हे तिच्याच लक्षात आलं. तिनं ते तसंच राहू दिलं.

शनिवारी सकाळी पॅसेजमधला फोन वाजला. आई वर झोपली होती, ऋजुता बाथरूममध्ये. रूपालीनं उचलला.

"हॅलो, नमस्कार! देशमुखवहिनी का?" पलीकडून एक उत्साही बायकी आवाज आला.

"नाही. राँग नंबर."

"असं कसं? कार्डिफ ना? मी ऋजुताची आई बोलतेय, पुण्याहून. ती देशमुखांकडे राहते ना, तिथलाच नंबर दिला होता तिनं."

रूपालीची नजर वर गेली. समोर, बैठकीच्या खोलीच्या उघड्या दारातून, शेकोटीच्या वर लावलेली बाबासाहेबांची तसबीर दिसत होती. रविवारसाठी आईनं ती परवाच पुसून घेतली होती. घरात शिरणाऱ्या कुणालाही पहिल्यांदा तीच दिसायची.

"थांबा, बोलावते," असं म्हणून तिनं रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि बाथरूमचं दार वाजवलं. मग ती सरळ वर आईकडं गेली.

"आई, तुला माहीत आहे, ती घरी काय सांगते? आपण देशमुख आहोत म्हणून सांगते!"

आई उशीला टेकून बसली होती. "हळू बोल. खाली ऐकू जाते."

"म्हणजे माहीत आहे तुला?"

"जुलैपासून. इथल्या भिंती काय जाड आहेत का?"

"आणि तू तिला ठेवून घेतलीस? माझ्या खोलीत? आपलं जेवते, आपल्या घरात झोपते, आणि आपलं नाव सांगायची लाज वाटते तिला!" एवढं लांब मराठी वाक्य रूपालीच्या तोंडून एकही चूक न होता कित्येक वर्षांत निघालं नव्हतं.

"खोटं ती बोलली. तिच्या आईशी बोलली. त्यानं मी देशमुख झाली का?" आई म्हणाली. "थंडी वाजून राहिली होती पोरीला. मी तिचं आडनाव नाही विचारलं, तिनं माझं तिथं नाही सांगितलं. होईल तेव्हा होईल तिला हिंमत."

"मी असते तर आजच बॅग बाहेर ठेवली असती."

आई काही वेळ प्लास्टरवरचं एक खडबडीत टोक अंगठ्यानं घासत राहिली. "रूपा, मागल्या वर्षी पूर्वीच्या वाढदिवसाला आलो होतो ना आम्ही. तुझ्याकडं खाली बाबासाहेब दिसले नाहीत. तुझे बाबा पण शोधत होते. मग कोट ठेवायला वर गेली तेव्हा दिसले. बेडरूममध्ये, कपाटाच्या बाजूला."

रूपाली पलंगाच्या कडेवर बसली. पाच वर्षांपूर्वी मराठी मंडळाच्या गणपतीत एका बाईनं तिला माहेरचं आडनाव विचारलं होतं. तिनं सांगितल्यावर ती बाई "अच्छा, नागपूरकडचे," असं म्हणून लगेच हवामानावर बोलायला लागली होती. एवढंच घडलं होतं. त्यानंतर घर बदललं तेव्हा तसबीर कुठं लावायची यावर सुहासशी काही बोलणंसुद्धा झालं नव्हतं.

"बाबा काही म्हणाले होते?" तिनं विचारलं.

"नाही. ट्रेनमध्ये म्हणाले, लंडनमध्ये घरं लहान असतात, जागा पुरत नसेल." आईनं पांघरूण बाजूला केलं. "उद्या तीस माणसं येणार. कांदा कोण चिरणार आहे? माझा तर हात गेला."

कांदा रूपाली आणि ऋजुतानं चिरला. अर्धी पिशवी चिरून झाली. मग ऋजुता कांद्यावरून नजर न उचलता म्हणाली, "फोन तुम्ही उचललात."

"हो."

"मी सांगणार होते त्यांना. जूनपासून दर रविवारी सांगणार असते." ती नाक ओढत होती, पण ते कांद्यामुळंही असेल. "उद्या मी दिवसभर बाहेर जाऊ का? तुम्हाला नको असेल तर?"

रूपालीला खरोखरच ती नको होती. पण आपल्याला ती नेमकी कशासाठी नको आहे, याचा तिला आता पूर्वीइतका भरवसा वाटत नव्हता.

"आईला विचार," ती म्हणाली. "घर तिचा आहे."

"तिचं," ऋजुता सवयीनं म्हणाली आणि जीभ चावली. रूपालीला हसू आलं नाही, पण रागही आला नाही.

ऋजुता थांबली. रविवारी न्यूपोर्ट आणि ब्रिस्टलहून सहासात कुटुंबं आली. त्यांतले परीक्षित गजभिये नुकतेच नागपूरहून आले होते. दीक्षाभूमीवर यंदा पन्नासाव्या वर्षाची किती गर्दी होती ते सांगत त्यांनी प्रत्येकाच्या हातावर संत्राबर्फी ठेवली. भगवान मेश्रामांच्या फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या, सगळ्यांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं. रूपालीला वाटलं होतं आपण विसरलो असू, पण शब्द आपोआप येत गेले. ऋजुता मागं दाराजवळ बसली होती. तिला येत नव्हतं, तिनं हात जोडले होते.

मध्येच बेल वाजली. दारात शेजारच्या मिसेस प्रिचर्ड, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि मुलांना घेऊन आलेल्या चारपाच आया होत्या. हातात केक, फुलं आणि मुलांनी काढलेल्या चित्रांचा गठ्ठा. प्रत्येक चित्रात एक पिवळी बाई होती आणि बहुतेकांत ती बसपेक्षा मोठी होती. इथं प्रार्थना चालू आहे हे कळल्यावर त्या परत निघाल्या, पण आईनं त्यांना आत बसवून घेतलं. मुख्याध्यापिकाबाई जमिनीवर मांडी घालताना दोनदा कलंडल्या. गजभियांनी वडिलांबद्दल चार शब्द मराठीत सांगितले, मग या लोकांसाठी तेच इंग्लिशमध्ये सांगितले. मिसेस प्रिचर्डनी डोळे पुसले. त्या म्हणाल्या, "भगवान दर बुधवारी माझी कचऱ्याची पेटी बाहेर ठेवायचा. कधी सांगावं लागलं नाही."

जेवणं चालू असताना ऋजुताचा मोबाइल वाजला. पुण्यात तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले असावेत. ती फोन घेऊन घराबाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. खिडकीतून रूपालीला तिची पाठ दिसत होती. बराच वेळ ती नुसतीच ऐकत होती, मग बोलली, मग पुन्हा ऐकत राहिली. आत आल्यावर तिनं कुणाकडं न बघता रिकामी ताटं उचलायला सुरुवात केली. ती काय बोलली ते कुणी विचारलं नाही.

पुढच्या जूनमध्ये ऋजुताला साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली. तिचे आईवडील तिला भेटायला आले तेव्हा ती त्यांना एका दिवसासाठी कार्डिफला घेऊन गेली. तिच्या आईनं सोफ्याच्या कडेवर बसून चहा घेतला, घर छान आहे म्हणाली आणि द्रौपदीबाईंना "मेश्रामबाई" अशी हाक मारली. जेवायला थांबली नाही. परतीच्या कोचची वेळ झाली होती, असं म्हणाली. खरंच झाली होती का, हे द्रौपदीबाईंनी घड्याळात पाहिलं नाही. फोनवर रूपालीला हे सांगताना त्यांच्या आवाजात काही वेगळं नव्हतं. "वडील मात्र दोन वेळा चहा प्यायले," एवढंच त्या वर म्हणाल्या.

पण ते नंतरचं. त्या रविवारी पाहुणे गेल्यावर रूपाली आईजवळ येऊन बसली. "मग उद्या?" तिनं विचारलं.

"मी नाही येत, रूपा," आई म्हणाली. या वेळी तिनं अगदी सरळ सांगितलं. "सहा आठवडे ही डॉक्टर पोरगी आहे घरात. शेजारी प्रिचर्ड आहे. नाताळच्या सुट्टीत येईन दहा दिवस, दांडी धरून आंघोळ करीन. मग शाळा उघडते."

"पण एकटी कशी राहशील, कायमची?"

"कायमचं कोण राहते?" आई म्हणाली. "तुझी ट्रेन किती वाजता आहे?"

"सव्वादहा."

"मग सकाळी शाळेपर्यंत चल माझ्यासोबत. बस तिथूनच मिळते."

सोमवारी सकाळी आईनं नेहमीचा पिवळा कोट घातला नाही, कारण प्लास्टर बाहीत जात नव्हतं. वडिलांचा जुना काळा ओव्हरकोट खांद्यावर टाकून ती निघाली. रूपाली दोन रिकाम्या सुटकेस ओढत मागं. शाळेसमोर बदलीवर आलेला एक उंच, वयस्कर माणूस काठी घेऊन उभा होता. बस येईपर्यंत रूपाली थांब्यावर उभी राहिली. आईनं तिच्या गालावरून डावा हात फिरवला, "पोचली की फोन कर," म्हणाली आणि लगेच त्या माणसाकडं वळली.

रूपाली बसमध्ये चढून खिडकीशी बसली. आई त्या माणसाला काहीतरी सांगत होती. तो जागेवरून हलेना. आईनं प्लास्टरचा हात उचलून कोपऱ्यावरच्या उभ्या गाड्यांकडं दाखवलं. इथून गाडीवाल्यांना तू दिसत नाहीस, असं काहीतरी असावं. तो माणूस मान हलवून दोन पावलं डावीकडं सरकला. आईनं त्याला आणखी एक पाऊल सरकवलं. मुलं जमायला लागली होती.

बस वळली तेव्हा सुहासचा फोन आला.

"निघालात का? किती वाजता पोचताय दोघी? मी पॅडिंग्टनला येऊ का, सामान असेल ना खूप?"

"नको," रूपाली म्हणाली. "मी एकटीच आहे."

"एकटी? अगं, आणि आई?"

"आई कामावर गेली," रूपाली म्हणाली.